चवथीचे घर आणि वाटेवरचे सामान

पेडणे आणि डिचोली या दोन महालांत हिंडणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकरच जाणवते. वर्षातील बहुतेक दिवस कुलूप लागलेली घरे येथे पुष्कळ आहेत. अंगणातील तुळस कोणीतरी पाणी घालून जगविलेली असते, ओसरीवर वाळक्या पानांचा थर असतो, किल्ली शेजारच्या मुंडकाराकडे असते आणि घरमालक मुंबईस, पुण्यास किंवा बेळगावास असतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की ही घरे उघडतात. दीड दिवस, पाच दिवस, कोठे सात दिवस ती माणसांनी भरून जातात आणि मग पुन्हा मिटतात. वैशाखात आंब्याफणसाच्या दिवसांत आणखी एकदा दारे उघडतात, शिगम्याला किंवा जत्रेला एखादा दिवस. एवढाच त्यांचा हंगाम.

अशा घराला 'सुटीतले घर' हे नाव आम्हांस फारसे रुचत नाही, कारण मनुष्य तेथे देवासाठी आणि नात्यासाठी जातो, विश्रांती त्याला बहुधा मिळत नाही. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने ते हंगामी घरच होय, आणि हंगामी घराची एक अडचण कायमची आहे. त्याच्यासाठी मागविलेला पलंग किंवा कपाट हंगामात पोचले नाही तर ते चार आठवडे उशिरा आले असे म्हणण्यात अर्थ नसतो. ते एक वर्ष उशिरा आले असेच समजावे लागते. दसऱ्याला आलेले कपाट उघडावयास घरात कोण असते? या दोन महालांतील घरांत सामान कोणत्या वाटेने आले, वाटेत कोठे अडले, आणि ते येईपर्यंत घरच्या माणसांनी कसे निभावले, याची हकीकत आम्हांस महत्त्वाची वाटते. तीत समुद्र आहे, जकात आहे, सुताराचा रंधा आहे आणि एका सरहद्दीचे दुःखही आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की जुन्या घराला उशिरा येण्यासारखे सामानच फारसे नव्हते. राजांगणाभोवतीच्या घरात बसावयाचे ते मातीच्या किंवा चिऱ्याच्या सोप्यावर, ठेवावयाचे ते भिंतीतील फडताळात, दिवा लावावयाचा तो कोनाड्यात. झोपाळा तुळईला टांगलेला, माळा घराच्याच लाकडाचा. ही सगळी घराबरोबरच बांधली जात. हलविता येण्याजोगे म्हणजे पाट, चौरंग, एखादी खाट, पेटारा आणि चटया. आजही कोकणीत खुर्चीला 'कदेल', कपाटाला 'आर्मार' आणि खणाला 'गावेत' म्हणतात. हे तिन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. पाट, चौरंग आणि माचा हे शब्द मात्र आपले. शब्दांच्या या वाटणीवरूनच कोणती वस्तू घरात केव्हा शिरली याचा अदमास येतो. सुताराला आपण 'मेस्त' म्हणतो तेही पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून, आणि मराठीतला 'मिस्त्री' त्याचाच भाऊ.

गोव्याला लाकडी सामानाची कीर्ती नवी नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांत येथील कारागीर शिसवी आणि सागवानात हस्तिदंताचे जडावकाम करून अनेक खणांच्या ज्या पेट्या घडवीत, त्या 'कोंतादोर' या नावाने लिस्बनला जात. लिस्बनच्या व लंडनच्या संग्रहालयांत त्यांतील काही आजही पाहावयास मिळतात. पणजीच्या राज्य संग्रहालयात इन्क्विझिशनच्या न्यायासनाचे म्हणून दाखविले जाणारे कोरीव मेज आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की कारागिराच्या हाताचे कौतुक करावे की ते मेज ज्या कामी आले त्याचा विचार करून मागे फिरावे, असा प्रश्न पडतो. एक विलक्षण गोष्ट अशी की गोव्याची ही पेटी लिस्बनला बऱ्याच अंशी ठरल्या वेळी पोचत असे. त्या मार्गावरची जहाजे मार्च-एप्रिलात लिस्बनहून सुटत, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यास लागत आणि डिसेंबर-जानेवारीत परत निघत. वाऱ्याने आखून दिलेले हे वेळापत्रक दोन्ही टोकांना ठाऊक होते, म्हणून कोणी कोणाला बोल लावीत नसे.

परंतु ही कीर्ती जुन्या काबिजादींची. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, तेही सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. म्हणजे आमच्या या दोन महालांवर पोर्तुगीज अंमल आला तो सुमारे अडीचशे वर्षे उशिरा. तोवर येथील बाजारपेठ सावंतवाडी होती आणि मनाने ती पुढेही तशीच राहिली. पेडण्याच्या घरांत लाखेच्या रंगांनी रंगविलेले पाट, चौरंग आणि मुलांची खेळणी सावंतवाडीच्या चितारआळीतून बांदा, पत्रादेवी या वाटेने बैलगाडीने येत. दिवाणखान्यातील खुर्च्यांची हौस प्रथम मोठ्या घराण्यांनी केली. पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगीज राजाने व्हिस्कोंद हा किताब दिला होता. त्यांच्या वाड्यात पालख्यांशेजारी युरोपीय धाटणीचे सामान दिसते, त्यात दोन जगांचा संसार एका छपराखाली मांडल्यासारखा वाटतो. सामान्य हिंदू घरात कदेल शिरली ती बरीच पुढे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले, त्यानंतर शाळा, कचेऱ्या आणि वकिली यांबरोबर खुर्ची-मेजही आत आले. लांब हातांची ती आरामखुर्ची, जिच्यावर पाय पसरून माध्यान्ही डोळा लागावा, ती ओसरीवर ठेवणे हे काही काळ सुशिक्षितपणाचे लक्षणच होऊन बसले होते!

आणि हे सामान येणार कोठून? येथेच मुंबई कथेत येते. पेडण्याहून मुंबईस माणसे जाण्याची चाल फार जुनी. मांद्र्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहानपणीच मुंबईस गेले आणि तेथेच मोठे झाले. पुढे हजारोंनी तीच वाट धरली. ख्रिस्ती गोंयकार धोबीतलावाच्या 'कुडां'त राहिला, हिंदू गोमंतकीय गिरगावच्या चाळीत. कुडीत एका माणसाचे सर्व सामान म्हणजे एक पेटी. तीच कपाट, तीच बसावयाचे आसन आणि तीच प्रसंगी लिहावयाचे मेज. चाळीतल्या खोलीतही फार वेगळे नव्हते. मुंबईत आयुष्यभर पेटीवर बसलेला मनुष्य गावच्या घरासाठी मात्र शिसवी खुर्च्यांचा संच घेई. जेथे तो राहत होता तेथे जागा नव्हती, आणि जेथे जागा होती तेथे तो राहत नव्हता. बचतीचे पैसे त्या खुर्च्यांत घालण्यामागे काय होते हे आम्ही समजू शकतो. आपण गाव सोडले नाही असे सांगण्याची ती एक रीत होती. म्हणूनच खुर्च्या वाटेत अडकल्या म्हणजे खर्च वाढण्याहून अधिक काही बिनसत असे.

आता समुद्राचा पेच. मुंबईहून रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस जाणारी आगबोट हा या भागाचा राजमार्ग होता. जड सामान फत्तेमारीत चढे. पण जूनच्या आरंभी पाऊस लागला की बंदरे बंद होत, आगबोटी थांबत, गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. समुद्र पुन्हा उघडावयाचा तो नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर. श्रावणी पौर्णिमेपासून भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत दिवस किती? एकोणीस, फार तर वीस. घराचा मुख्य हंगाम नेमका अशा वेळी येतो की त्याआधी अडीच महिने समुद्र बंद असतो आणि हाती अवघे एकोणीस दिवस उरतात. शिवाय पंचांग तिथीने चालते, वारा तिथी जाणत नाही. ज्या वर्षी भाद्रपदापूर्वी अधिक मास येतो त्या वर्षी चवथ सप्टेंबरच्या मध्याला जाते आणि नारळी पौर्णिमेलाच समुद्र बऱ्यापैकी निवळलेला असतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता आणि चवथ १९ सप्टेंबरला आली. परंतु २०२० सारख्या वर्षी चवथ २२ ऑगस्टला पडली, म्हणजे नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला. त्या दिवशी नारळ सोडता येतो. गलबत सोडावयास तांडेल धजेलच असे नाही.

यावर जाणत्या घरांचा तोडगा एकच होता. चवथीला हवे असलेले सामान अक्षय तृतीयेच्या सुमारास मुंबईहून निघाले पाहिजे. मे महिन्याच्या मध्यानंतर ते धक्क्यावर गेले तर शेवटच्या फेऱ्यांच्या गर्दीत मागे राही, कारण त्याच आगबोटींवर आंबा-हंगामाला गेलेली माणसे परतत असत आणि घरांसाठी कौले, मीठमसाला, पावसाळ्याची बेगमी यांची रेटारेटी असे. मागे राहिलेले सामान चार महिने मुंबईच्या वखारीत पडून राही. आमच्याच घरी एकदा मुंबईच्या एका दुकानदाराने वैशाखात पाठवितो म्हणून सांगितलेले जेवणाचे मेज मार्गशीर्षात आले. घर बंद होते. मुंडकाराने ते गवतात बांधलेले तसेच ओसरीवर ठेवले आणि पुढच्या चवथीला उघडून पाहतो तो एका खणात उंदरांनी संसार थाटलेला होता. मेज मात्र भक्कम निघाले, अजून आहे.

समुद्र ओलांडला म्हणजे काम संपले असेही नव्हते. पेडण्याच्या उत्तरेकडील गावांना वेंगुर्ले बंदर जवळचे, पण तेथे आगबोट धक्क्याला लागत नसे. ती दूर नांगरून उभी राही आणि माणसे व माल पडावात उतरवीत. हेलकावणाऱ्या आगबोटीवरून खालच्या पडावात एक शिसवी कपाट दोरखंडाने सोडणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले असेल त्याला त्या कपाटाच्या पायांवरच्या खरचटण्याचे कारण विचारावे लागत नाही. तेथून बैलगाडी, तेरेखोलची खाडी, पुन्हा होडी, पुन्हा गाडी. पणजीस उतरविले तर बेतीचा तर, म्हापसा, मग शापोरा नदी. शिवोलीहून चोपड्याला जावयाचे तर तेथेही होडीच. त्या ठिकाणी पूल झाला तो अगदी अलीकडे. मोरजी-हरमलच्या माणसाला दोन नद्यांच्या मध्ये राहण्याचे सुख आणि दुःख दोन्ही ठाऊक आहेत.

डिचोलीची वाट निराळी. मांडवीतून वर, मग तिला मिळणाऱ्या उपनद्यांतून डिचोली-साखळीच्या बाजाराकडे होड्या जात. येथे मालक भरती-ओहोटी. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणून आज सकाळी निघणारी होडी आठवड्याने दुपारी निघे. हलकी होडी कोणत्याही भरतीला चढे. जड भरलेली होडी उधाणाची वाट पाही, आणि भांगाच्या दिवसांत गाळावर टेकून उभी राही. पणजीहून चार कोसांवरच्या घरी पलंग आठ दिवसांनी पोचला तर त्यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. अमावास्येपर्यंत थांबावे लागले असेल. पुढे खाणींचा काळ आला, या पात्रांतून लोहखनिजाच्या बार्जी जाऊ लागल्या, पात्रांत गाळ साचला आणि घरगुती मालाची होडी हळूहळू नाहीशी झाली.

तिसरा अडथळा जकातीचा. पेडण्याहून बांदा आणि डिचोलीहून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर, परंतु मध्ये दोन साम्राज्यांची सीमा. तिच्या इतिहासात बारा वर्षांचा एक चमत्कारिक खंड आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, तो १८८० च्या जानेवारीत अमलात आला आणि दोन्ही हिंदुस्थानांमधील सीमेवरची जकात उठली. या कराराचा गोव्याच्या मिठावर फार वाईट परिणाम झाला. मिठाचा व्यवहार ब्रिटिशांच्या हाती गेला आणि अनेक आगरकरी कुटुंबे उघडी पडली. तो इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. पण पेडण्याच्या एखाद्या गृहस्थाला सावंतवाडीहून पलंग आणावयाचा असेल तर त्याला तेवढी बारा वर्षे नाक्यावर गाडी सोडून बसावे लागले नसावे. १८९२ मध्ये कराराची मुदत संपली, नाकी परत आली. मग गाडी थांबवावयाची, गाठोडी सोडावयाची, खण उघडून दाखवावयाचे, वस्तू नवी की वापरलेली यावर हुज्जत घालावयाची. नव्या पलंगावर प्रवासभर अंथरूण घालून त्याला वापरलेला करण्याची युक्ती कोकणीत विनोदाने सांगितली जाते. गार्दांनाही ती ठाऊक असणार.

एवढ्या यातायातीपेक्षा गावच्या मेस्ताकडून काम का करून घेतले नाही, असे वाचक विचारील. घेत असत, आणि आमच्या मते त्यातच अधिक शहाणपण होते. परंतु मेस्ताचा उशीर हा आणखी निराळ्या जातीचा. लाकूड पाऊस संपल्यावर, वद्य पक्षात तोडावे म्हणजे कीड लागत नाही, असा समज. तोडल्यावर ते सुकले पाहिजे. उघड्या हवेत एक इंच जाडीच्या फळीला साधारण एक वर्ष लागते असा सुतारकामातील जुना हिशेब आहे. आपल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने लाकूड सुकणे दूरच, उलट ओल पिते. ओल्या फळीचे कपाट करून दिले तर चैत्रात ते उलते आणि सुकलेल्या फळीचे घट्ट बसविले तर श्रावणात फुगून खण अडकतात. म्हणून चांगला मेस्त कपाटाच्या दारातील फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडतो, सरस लावीत नाही. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, दार मात्र चौकोनी राहते. हे ज्ञान असलेला मनुष्य "फाल्यां दितां" म्हणतो तेव्हा त्याच्या 'फाल्यां'चा अर्थ उद्या नसून लाकूड हो म्हणेल तेव्हा, असा असतो. गिऱ्हाइकाला त्याचा राग येतो. फळीला येत नाही.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती गोव्याबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. आपल्याकडे अनेक चारी कुटुंबे परंपरेने मातीचे गणपतीही करतात. आषाढ-श्रावणात त्यांच्या घरी चित्रशाळा लागते. ज्या हाताने चवथीसाठी चौरंग करावयाचा तोच हात त्या वेळी चिकणमातीत असतो. चौरंगासाठी तगादा लावणाऱ्या यजमानाला मेस्त उत्तर देई की आसन पाहिजे की देव? यजमान गप्प होई. शिवाय गावच्या चाऱ्याला देवळाची पालखी, रथ, दरवाजे, शेतकऱ्यांची अवजारे ही कामे आधी. त्याला वर्षाचे धान्य त्यासाठी मिळे. मुंबईकराची रोकड चांगली असली तरी नांगराच्या पुढे आरामखुर्ची गेल्याचे फारसे ऐकिवात नाही.

मग घर उघडले आणि सामान आलेले नाही, अशा वेळी काय करीत? खरे पाहता जुन्या घराची रचनाच तेव्हा कामास येई. सोप्यावर चटया अंथरल्या की वीस माणसे निजत. मुले माळ्यावर. जेवण पाटांवर, तेही कमी पडले तर केळीच्या सोपटावर. गणपतीचे आसन अडले असेल तर दोन पेट्या जोडून त्यांवर धुतलेली फळी आणि वर रेशमी वस्त्र. पुढे आरास झाली, वर माटोळी बांधली, कवंडळे, सुपाऱ्या, नारळ लोंबू लागले की खाली काय आहे हे पाहावयास कोणास फुरसत नसे. बांक शेजारच्या घरून येई. शेजारी ख्रिस्ती असला तरीही येई, आणि नाताळात किंवा लग्नात आपल्याकडच्या समया सोडून बाकी सगळे त्याच्याकडे जाई. देवस्थानची मोठी भांडी जशी सर्व गावाची, तशा चारसहा खुर्च्याही वाड्यावर फिरत असत. परत येताना घोळ होऊ नये म्हणून खुर्चीच्या खालच्या अंगाला घराची आद्याक्षरे रंगवीत. जुनी खुर्ची हाती आली तर वाचकांनी एकदा उलटी करून पाहावी.

अशीच मागूनमिळवून राहण्याची रीत गोव्यात दुसरीकडेही होती. वैशाखात समुद्रस्नानासाठी काही दिवस किनाऱ्यावर जाऊन राहणे, ज्याला 'मुदांस' म्हणत. मडगावची सुखवस्तू कुटुंबे कोलव्याला, बारदेशची कळंगुटला. मासेमाऱ्याचे घर भाड्याने घ्यावयाचे आणि खाटा, गाद्या, तांदूळ, भांडी बैलगाडीत भरून सोबत न्यावयाची. त्यांचे सामान कधी उशिरा येत नसे, कारण मालक आणि पलंग एकाच गाडीत असत.

येथवरच्या कथेत एक मनुष्य आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. ते कपाट तरावरून घरापर्यंत कोणी आणले? भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराने, डोक्यावरून. घर वर्षभर झाडले, कौले फिरविली, वाळवीचे वारूळ फोडले, तेही त्यानेच. त्याला मजुरी मिळाली का? बहुधा एक जेवण, जुने धोतर, चवथीच्या करंज्या. त्याच्या घरात कदेल नव्हती. होती ती भाटकाराने टाकून दिलेली, तीन पायांची. मुंबईकराच्या घरातील ती प्रसन्न ओसरी ज्यांच्या आठवणीत आहे त्यांनी हाही हिशेब मांडला पाहिजे. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळकायदा आणि १९७५ मध्ये मुंडकार संरक्षणाचा कायदा आला. राहत्या जागेवरून हुसकले जाण्याची भीती कमी झाली तसे फुकट ओझे वाहणेही संपले. सामान आता वेळेवर घरात चढत नाही अशी तक्रार त्या काळात अनेक भाटकारांच्या तोंडी असे. ती ऐकताना आमच्या मनात येई की ते पूर्वी वेळेवर चढत होते ते कोणाच्या वेळेतून?

सर्वांत दीर्घ उशीर मात्र ना समुद्राने केला ना मेस्ताने. १९५४ पासून गोव्याच्या प्रश्नावर भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध ताणले गेले. प्रवासाला परवाने लागू लागले, मुंबईहून घरी पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. ज्या वाटेने सावंतवाडीचे पाट येत त्या वाटेवर रक्त सांडले. त्यानंतर रेल्वेची वाहतूक थांबली, मुंबईतील वकिलातींचे दरवाजे बंद झाले आणि नाकेबंदी पुरी झाली. गिरगावात राहणारा पेडणेकर सहा-सात चवथी गावी जाऊ शकला नाही, किंवा गेला तर परवान्यांच्या फेऱ्यांतून. घरे उघडली गेली नाहीत. पावसाळ्यामागून पावसाळा गेला, आणि बंद घरात वाळवी ज्या क्रमाने जाते त्या क्रमाने गेली: आधी चौकटी, मग माळा, मग पेटारे. याच वर्षांत लोहखनिजाच्या व्यापाराला भर आला होता आणि मुरगाव बंदरातून दूरदेशींचा माल उतरत होता. डिचोलीच्या बाजारात परदेशी बनावटीची वस्तू मिळे, पण पत्रादेवीपलीकडून बांद्याचा चौरंग येत नसे! ज्यांनी १९५४ च्या आधी मुंबईत खुर्च्या घेऊन ठेवल्या होत्या त्यांच्या खुर्च्या चाळीच्या जिन्याखाली धूळ खात राहिल्या, आणि ज्या म्हाताऱ्या आईसाठी त्या घेतल्या होत्या ती कित्येक घरांत मुक्तीपर्यंत राहिली नाही.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य शिरले तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा नदीवरचे पूल उडवून दिले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. वाट उघडली, पण पुलांच्या जागी पाणी होते. तरीही १९६२ च्या चवथीला या महालांत जी दारे उघडली तितकी त्याआधी कैक वर्षांत उघडली नव्हती. त्या वर्षी कोणाच्या घरी कोणते सामान होते याची चौकशी करण्यात अर्थ नाही. जे छप्पर उभे होते त्याखाली माणसे चटयांवर निजली.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायमच्या गेल्या. मालमोटारी मुंबईहून थेट दारापर्यंत येऊ लागल्या. पणजीचा मांडवी पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसात, चवथ दोन महिन्यांवर असताना कोसळला. पणजीहून डिचोलीकडे निघालेल्या सामानाला पुन्हा बेतीचा तर दिसला. पेडण्याच्या भुसभुशीत मातीत कोकण रेल्वेच्या बोगद्याने अभियंत्यांना इतके दमविले की सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ पर्यंत पुरा होऊ शकला नाही. मुंबईचा माल रुळांवरून येण्यात शेवटचा अडथळा पेडणेच ठरले. १ जुलै २०१७ पासून नव्या करपद्धतीमुळे राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराची नाकी उठली. आणि तीन वर्षांनी, २०२० च्या चवथीला, साथीमुळे पत्रादेवीवर प्रवेशाचे निर्बंध होते, घरे पुन्हा बंद राहिली. त्या वर्षी कित्येक कुटुंबांचा गणपती मुंबईच्या खोलीत बसला. म्हाताऱ्यांना पंचावन्न साल आठवले असेल.

सामानही बदलले. मुंबईच्या गोदरेज कारखान्याची पोलादी कपाटे १९२० च्या दशकात निघाली आणि मुक्तीनंतर या घरांत सर्रास आली. बंद घराला तीच सोयीची. वाळवीला त्यांचा उपयोग नाही, खण फुगत नाहीत. खाऱ्या हवेने खालच्या कडेला गंज धरतो, तेवढा दोष. शिसवी आरामखुर्च्या मात्र म्हापशाच्या आणि मुंबईच्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांनी घरोघर फिरून नेल्या. त्यांच्याबद्दल चार खुर्च्या प्लास्टिकच्या मिळाल्या म्हणून आनंद मानणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

आता मांद्रे, मोरजी, आश्वे या भागांत नव्या हंगामी घरांची रांग लागली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून ती वाढतेच आहे. या मालकांचा हंगाम डिसेंबरचा. ते दिल्लीहून, बेंगळुरूहून पलंग मागवितात, दिवस ठरतो आणि टळतो, आणि रिकाम्या घरात पाहुणे येऊन बसतात. शेजारच्या जुन्या घरातून तेव्हा एखादे वेळी बांक मागितला जातो आणि दिलाही जातो. डिसेंबरात समुद्र मोकळा असतो, लाकूड सुकलेले असते, नद्यांवर पूल आहेत, नाक्यावर गाडी सोडावी लागत नाही. पलंग तरीही येत नाही, कारण दूरच्या कारखान्यात तो अद्याप तयारच झालेला नसतो. गावात मेस्त आहे. त्याच्याकडे फणसाच्या फळ्या दोन पावसाळे पाहून पडवीत रचलेल्या आहेत. त्याला अजून कोणी विचारलेले नाही. आणि विचारलेच तर चवथ होईपर्यंत त्याला सवड नाही, हे तो आधीच सांगून ठेवतो.